घागर कुठं ठेवली?

“आणि मग तिनं घागर कुठं ठेवली?”

नारोबुवांनी विचारलं, तेव्हा हैबती पोथी बांधत होता. वाचून झालं होतं, सुटका झाली होती, आणि त्याचं लक्ष आधीच चुलीवरच्या पिठल्याकडे गेलं होतं.

“कुठली घागर, बुवा?”

“गोष्टीतली. आत्ता वाचलीस ती.”

हैबतीनं पानं सारखी केली, वरखाली फळ्या लावल्या, रुमाल गुंडाळून गाठ मारली. एवढ्या वेळात घागर आठवायला हरकत नव्हती. आठवली नाही.

“सगळी गोष्ट सांगतो की,” तो म्हणाला. “एक बाई असते. तिचा एकुलता एक लेक लढाईवर जातो, तो तिकडंच पडतो. बाई धीर सोडत नाही. संपली. माणसानं धीर धरावा, हे सार.”

“सार नाही विचारलं. घागर विचारली.”

“असंल कुठंतरी. मधे लिहिणाऱ्यानं तेच तेच लिहिलंय चार ओळी. पोथी उतरवताना डुलकी लागली असंल त्याला. तेवढं गाळलं मी.”

“गाळलंस?”

“गोष्ट काही अडली नाही त्यानं.”

“नाही,” बुवा म्हणाले. “गोष्ट नाही अडली...”

पलीकडे वाती वळत बसलेल्या तुळसाकाकूंनी टोपलीकडे पाहिलं. टोपली काठोकाठ भरली होती.

“आज लई वाती झाल्या रे बाबा,” त्या म्हणाल्या. “तू असाच वाचत ऱ्हायलास तर देवळाला वरीसभर पुरतील.”

वाती वळणाऱ्या बाकीच्या बाया हसल्या. हैबतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

हे नारोबुवा म्हणजे अंगाऱ्या-धुपाऱ्याचे बुवा नव्हेत. उमेदीच्या काळात त्यांनी पूल बांधले, घाट बांधले, आणि पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरायच्या बारवा तर किती बांधल्या त्याला गणतीच नव्हती. मग एके दिवशी ते सावळघाटाला नदीकाठच्या मठीत येऊन राहिले. लोक म्हणत, बुवांना वैराग्य आलं. बुवा म्हणत, गुडघे गेले.

गुडघे गेले तरी डोकं जाग्यावर होतं, म्हणून लांबलांबून पोरं बांधकाम शिकायला येत. बुवा त्यांना सूत धरायला शिकवत, काटकोन बघायचा गुण्या लावायला शिकवत, दगड जिथून फुटतो ती शीर ओळखायला शिकवत. आणि पोरगं तयार झालं, की जाताना त्याच्या हातात भिंतीची उभी रेघ तपासायचा एक पितळी ओळंबा ठेवत. त्या मुलखात बुवांचा ओळंबा ज्याच्याजवळ नाही, त्याला कुठलंही गाव पाण्याच्या कामाचा पहिला दगड बसवू देत नसे.

पण ओळंबा मिळण्याआधी एक अडसर होता. दिवेलागणीला गावातल्या बाया कापूस घेऊन मठीत येत आणि देवळासाठी वाती वळत. शिकणाऱ्यानं त्यांच्यासमोर बसून पोथीतली एक गोष्ट वाचायची. वाचता वाचता वाती वळणारे हात थांबले, की विद्या पुरी झाली. नाही थांबले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं. बायांना मुद्दाम हात थांबवायची बंदी होती, आणि त्या तसं करणाऱ्या नव्हत्याच.

हा काय जगावेगळा नेम, असं पुष्कळ पोरांना वाटे. हैबतीला तर फारच वाटे, कारण त्याच्याएवढा हुशार चेला मठीत दुसरा नव्हता. लांबून नुसती नजर टाकून तो कमानीतला बाक सांगे. आणि हे त्याला ठाऊक होतं, तीच पंचाईत होती. बुवांचा त्याच्यावर फार जीव. म्हणूनच त्याला ते सगळ्यांत जास्त छळत.

“बुवा,” बाया गेल्यावर हैबती म्हणाला, “राग मानू नका. पण मी काय पुराणिक व्हायला आलो होतो? मला बारव बांधायचीय. माप चुकलं नाही, दगड हलला नाही, म्हणजे झालं. दगडाला गोष्टी कुठं कळतात?”

“दगडाला नाही कळत,” बुवा म्हणाले. “खरंय तुझं.”



हैबतीला वाटलं, जिंकलो.

“मग?”

“मग काय... उद्या परत वाच.”

पालथ्या घागरीवर पाणी, असं हैबती मनात म्हणाला. बुवाही बहुधा तेच म्हणत असावेत.

* * *

हैबतीला घाई होती, आणि ती उगाच नव्हती.

त्याचं गाव खडकवळण. नावासारखंच गाव, वर सगळा कातळ. पाण्याचा झरा खाली दरीत. बाया घागर भरायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि ती उभी चढण चढून यायच्या. हैबतीची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. त्याला वाढवलं ते भागाक्कानं, थोरल्या बहिणीनं. तिनं त्या चढणीवर किती घागरी वाहिल्या असतील ते चढणीलाच ठाऊक. आता तिची मान एका बाजूला वळत नसे. कुणी हाक मारली की ती अख्खी वळून बघायची, आणि वर हसून म्हणायची, “माझी मान आता देवळातल्या नंदीसारखी झाली.”

अखेर गावानं मनावर घेतलं. गावाजवळच्या खोलगट जागेत पाणी लागेल असं ठरलं. खणायचं तर वैशाखात, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा, आणि पावसाआधी पायऱ्यांचा दगड बसलाच पाहिजे. ते एक वर्ष हुकलं, की गावाचा उत्साहही हुकणार. असला उत्साह दरवर्षी उगवत नाही.

हैबतीनं बारवेचा नमुना केव्हाच करून ठेवला होता. मठीच्या अंगणात, चिंचेखाली, शाडू मातीचा. दोन टप्प्यांनी उतरणाऱ्या पायऱ्या, मधे कमान, भिंतीत देवांसाठी कोनाडे. प्रत्येक पायरी दुसरीची जुळी बहीण. येणारेजाणारे उभे राहून बघत आणि तोंडात बोट घालत.

सकाळी बुवा काठी टेकत तिथं आले. खाली बसले. बराच वेळ बघत राहिले.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “खरंच सुंदर आहे, हैबती. तुझ्या वयात मला नसतं जमलं.”

हैबतीला इतकं बरं वाटलं, की रात्रीचा राग तो विसरलाच.

मग बुवांनी काय केलं, तर उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी केली आणि नमुन्याच्या पायऱ्यांवर ठेवली. बोटं हळूहळू खाली उतरली, पाण्याच्या जागेशी गेली. तिथं जरा वाकली. मग वर चढायला लागली. अर्ध्यात आली, आणि थांबली.

हैबती वाट बघत राहिला. बोटं हलेनात.

“का थांबलात?”

“दम लागला.”

“बोटांना?”

 बोटं तशीच थांबली होती, एका पायरीवर एक, दुसरीवर दुसरं. मग ती मुकाट्यानं वर आली. बुवांनी धोतराला माती पुसली, काठीवर भार देऊन उठले आणि स्नानाला निघून गेले.

म्हातारपण, हैबतीला वाटलं. बुवांचं आता व्हायचंच असं. त्याला थोडं वाईटही वाटलं.

त्या संध्याकाळी त्यानं पोथी नव्या हिकमतीनं वाचली. कीर्तनकारासारखा आवाज चढवला, उतरवला. लेक पडला तिथं गळा दाटल्यासारखा केला. स्वार आला तिथं मांडीवर थाप मारून टापा वाजवल्या. आणि बघतो तर वाती वळणारे हात उलट भराभर चालू लागलेले.

“गूळपाणी द्या गं लेकराला,” तुळसाकाकू म्हणाल्या. “घसा बसला असंल.”

बुवांनी हसू मिशीत लपवलं. पण त्यांची मिशी पांढरी आणि विरळ होती, त्यामुळे ते काही नीट लपलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी खडकवळणाकडून आलेला एक गाडीवान मठीत उतरला. त्यानं कांद्याची चटणी आणि भाकरी बांधलेलं फडकं हैबतीपुढं ठेवलं.

“अक्कानं धाडलंय. आणि निरोप हाय. खणणारे आल्यात. अमुशेच्या आत ये म्हणाली. न्हाई आलास तर पंच बाजारगावचा कारागीर आणणार.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, बारव कुणीबी बांधंल. पर मला माझ्या हैबत्याच्या हातची पायजे.”

हैबतीनं फडक्याची गाठ सोडली नाही. चटणीचा वास येत होता. तो तसाच उठला आणि तडक बुवांपुढं जाऊन उभा राहिला.

“ओळंबा द्या, बुवा.”

“हात थांबले?”

“हात, हात!” हैबती ओरडलाच. मठीत आजवर बुवांपुढं असा आवाज कुणी चढवला नव्हता. “रात्रंदिवस राबलो इथं. एक माप चुकलं असंल तर सांगा. एक सांधा उघडा असंल तर दाखवा. आणि तुम्ही माझी विद्या बायांच्या हातावर तोलणार?”

“मग कुणाच्या हातावर तोलू?”

हैबती आणखी चिडला.

“मग मी तसाच जातो. ओळंब्याशिवाय. पंचांच्या पाया पडंन. नाही ऐकलं तर नाही. पण इथं बसून गोष्टी वाचणार नाही.”

“जा,” बुवा म्हणाले.

एवढंच म्हणाले. हैबतीला वाटलं होतं, रागावतील, समजावतील, निदान थांब तरी म्हणतील. तो खोलीत गेला, वळकटी बांधली, छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला. बाहेर आला तेव्हा बुवा पायरीवर बसले होते.

“हैबती.”

“काय?”

“ऊन उतरल्यावर निघ. आणि जायच्या आधी... एकदा वाच. नेम म्हणून नको. मला ऐकायचंय. त्याच बाईची गोष्ट.”

बुवांनी स्वतःसाठी कधी कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. हैबतीनं वळकटी खाली ठेवली.

* * *

दिवेलागणीला तो पोथी घेऊन बसायला गेला, तर बुवा म्हणाले, “बसू नको. उभा राहा.”

समोर तांब्याची मोठी घागर होती. गळ्यापर्यंत भरलेली.

“तुळसे, चुंबळ कर.”

तुळसाकाकूंनी बुवांकडे पाहिलं, हैबतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात काय आलं कोण जाणे, पण त्या एकदम खुलल्या. जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन त्यांनी त्याला पीळ दिला, गोल वेटोळं केलं आणि हैबतीच्या डोक्यावर बसवलं. मग त्यांनी आणि आणखी एकीनं घागर उचलून त्या चुंबळीवर ठेवली.

बाया हसून हसून लोटपोट. कुणी म्हणाली, नवरी शोभतीय. कुणी म्हणाली, नाकात नथ घाला.

हैबतीची मान खांद्यात रुतली. दगड उचलायची सवय होती, पण दगड असा डोक्यावर बसून डुचमळत नाही. एक हात घागरीला गेला.

“बुवा, ही काय चेष्टा...”

“वाच.”

दुसऱ्या हातात त्यानं पान धरलं. खाली बघता येईना. मान वाकवली की पाणी वाकत होतं. पान डोळ्यांपुढं उचलून धरावं लागलं, आणि त्यातून एका वेळी एकच ओळ दिसत होती. पुढच्या ओळीवर उडी मारायची सोयच राहिली नाही.

“‘बाई नदीस गेली,’” त्यानं वाचलं. “‘घागर भरली. डोईस घेतली.’”

बाया अजून खुसखुसत होत्या.

“‘तोच पैलतीरावरून स्वार आला. म्हणाला, बाई, तुझा लेक पडला. बाई काही बोलली नाही. घाट चढू लागली.’”

पाण्याचा एक ओघळ त्याच्या कानामागून मानेवर आला. पुसायला हात मोकळा नव्हता.

“‘एक पायरी चढली.’”

ह्याच त्या ओळी. लिहिणाऱ्याला डुलकी लागली होती त्या.

“‘आणखी एक पायरी चढली. आणखी एक पायरी चढली.’ बुवा, जरा उतरवा.”

“वाच.”

“मान अवघडली.”

“वाच, बाळ...”

हैबतीनं डोळे फिरवून आजूबाजूला पाहिलं. ओटा होता, पण गुडघ्याएवढा. तिथवर घागर न्यायची तर वाकायला हवं, आणि वाकलं की सगळं पाणी अंगावर. खांद्याच्या उंचीला टेकवायला काही म्हणता काही नव्हतं. भरली घागर एकट्यानं डोक्यावरून उतरवताच येत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं. ज्या गावात तो जन्मला, तिथली प्रत्येक पोर हे जाणत होती.

“‘आणखी एक पायरी चढली,’” त्यानं वाचलं. आता तो हळू वाचत होता. तसंच वाचावं लागत होतं. “‘आणखी एक पायरी चढली. दारात आली...’”

आणि तो थांबला.

पुढची ओळ डोळ्यांसमोर होती. अक्षरं स्वच्छ होती. पण त्याला पोथीतलं दार दिसेना, आपलंच दार दिसायला लागलं. खडकवळणाचं, बुटकं, शेणानं सारवलेल्या उंबऱ्याचं.

खाणीत दरड कोसळून बाप गेला, तो दिवस. खाणीतली माणसं झऱ्याच्या वाटेनंच वर आली होती, म्हणजे भागाक्काला ते झऱ्यावरच कळलं होतं. ती केवढी होती तेव्हा? परकर नेसायची. हैबती उंबऱ्यावर बसला होता. ती चढण चढून आली, डोक्यावर भरली घागर, आणि दारात उभी राहिली. म्हणाली, “हैबत्या, शेजारच्या काकूला बोलव. घागर उतरवायचीय.” काकू आली. घागर उतरली. मग अक्कानं आधी त्यालाच पाणी दिलं, कारण त्यानं मागितलं होतं. मग माणसं जमली. मग चूल, मग दिवा, मग ती त्याला मांडीवर घेऊन बसली.

तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. हे हैबती आजवर चारचौघांत अभिमानानं सांगत आला होता. आमची अक्का म्हणजे खंबीर. बाप गेला तरी रडली नाही.

पोथीतल्या बाईचं सारही त्यानं तेच काढलं होतं.

घागर डोक्यावर होती तिच्या. एक हात वर. सबंध चढण. मधे कुठं थांबून रडणार होती ती...

“‘दारात आली,’” त्यानं पुन्हा वाचलं. त्यानं पान खाली केलं. घागर डुचमळली आणि पाणी त्याच्या तोंडावरून, छातीवरून खाली आलं.

कुणीही हसलं नाही.

वाती वळणारे हात केव्हा थांबले, ते हैबतीनं पाहिलंच नाही. त्याला आता ते पाहायचं भानच नव्हतं. तुळसाकाकूंच्या बोटांत कापूस तसाच धरलेला होता आणि त्या समोर बघत होत्या, हैबतीच्याही पलीकडे कुठंतरी. मग त्याच आधी उठल्या. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं बुवांनी, आणि घागर उतरली.

बुवांनी आपलं उपरणं काढून हैबतीचं तोंड पुसलं. लहान पोराचं पुसावं तसं, कानसुद्धा पुसले.

“भिजलास रे,” ते म्हणाले.

हैबती बराच वेळ उपरण्यात तोंड खुपसून बसला. बाया एकेक करून निघून गेल्या.  आज टोपलीत तळाशी थोड्याच वाती होत्या.

“बुवा...”

“हं.”

“तिनं घागर वाटेत ठेवली नाही.”

“हं.”

“ठेवायला जागाच नव्हती.”

“असं पोथीत लिहिलंय?”

हैबतीनं आठवून पाहिलं.

“नाही.”

“मग तू कुठं वाचलंस?”

  बुवांनी चुलीवरची भाकरी आणली, अक्कानं पाठवलेली चटणी सोडली, आणि दोघं एकाच ताटात जेवले. चटणी तिखटजाळ होती. बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते चटणीमुळंच आलं असं ते सांगत राहिले.

* * *

उजाडलं तेव्हा हैबती चिंचेखाली होता. नमुना ओला करून त्यानं दोन्ही टप्पे मोडले होते. जुळ्या बहिणी सगळ्या चिखलात गेल्या होत्या, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मग तो तुळसाकाकूंच्या दारात गेला.

“काकू, जरा भिंतीशी उभ्या राहा.”

“आता मला काय, भिंतीत चिणतोस का काय?”

“घागर घ्या डोक्यावर. भरलेली.”

काकू घागर घेऊन उभ्या राहिल्या. हैबतीनं भिंतीशी दगडावर दगड रचला, वर फळी ठेवली. उंच झाली. एक दगड काढला. काकूंनी मान जराशी कलती केली, आणि घागर कुणाच्याही हाताशिवाय डोक्यावरून फळीवर सरकली. पाणी सांडलं नाही. काकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. 

हैबतीनं कोळशानं भिंतीवर खूण केली. त्या खुणेला पहिल्यांदाच त्यानं सूत लावून पाहिलं नाही. नुसता बघत राहिला.

ऊन चढेपर्यंत नमुना पुन्हा उभा राहिला. पायऱ्या आता बुटक्या होत्या, भरल्या डोक्यानं चढणाऱ्या पायांच्या. पहिल्या टप्प्याच्या वळणावर, भिंतीतून बाहेर आलेला एक उंच कट्टा होता. दुसऱ्या वळणावर दुसरा. कट्ट्यांना जागा करायची तर देवांचे दोन कोनाडे गेले होते.

“देव रागावतील का?” हैबतीनं विचारलं.

बुवा नुकतेच येऊन बसले होते.

“त्यांना कुठं पाणी भरायचंय,” ते म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा दोन बोटांचे पाय केले. बोटं खाली गेली, पाण्याशी वाकली, वर चढू लागली. पहिल्या कट्ट्याशी आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग पुढं गेली.

“दम लागला?” हैबतीनं भीत भीत विचारलं.

“आता नाही.”

बुवांनी कमरेची पिशवी सोडली. पितळी ओळंबा उन्हात लखलखला. तो हैबतीच्या हातात ठेवताना त्यांनी त्याची बोटं वरून मिटली आणि क्षणभर धरून ठेवली. मग दुसऱ्या हातानं पोथीतली त्या बाईच्या गोष्टीची चार पानं दिली, रुमालात बांधलेली.

“ही कशाला, बुवा? पाठ झाली आता.”

“पाठ झाली म्हणूनच जपून ठेव.”

हैबतीनं डोकं त्यांच्या पायांवर ठेवलं. मग उठला. तो म्हणाला, “गुडघ्यांना तेल लावत जा.” बुवा म्हणाले, “लावीन.” दोघांनाही ठाऊक होतं, ते लावणार नाहीत.

गाडीवान बैल जुंपून तयार होता. हैबतीनं वळकटी गाडीत टाकली, पिशवी टाकली, ओळंबा मात्र मुठीतच ठेवला. अमावास्येला अजून चार दिवस अवकाश होता. वेळेत पोचणार होता. भागाक्का वेशीशी येऊन उभी असेल, हाक मारली की अख्खी वळून बघेल, हे त्याला आत्ताच दिसत होतं, आणि त्याचा जीव इतका हलका झाला होता, की त्यानं गाडीत चढायच्या आधी बैलांच्या पाठीवर उगाचच थाप मारली.

“हैबती...”

तो वळला. बुवा अजून चिंचेखालीच बसले होते. त्यांची दोन बोटं नमुन्यातल्या त्या कट्ट्याशी उभी होती.

“घागर तर ठेवली तिनं,” बुवा म्हणाले. “आता ती बसून रडेल कुठं?”